मंदाताईंचे बारा ते चार

मंदाताई,

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तुमचा फोटो लागला. खाली लिहिलंय, 'सर्वांच्या लाडक्या मंदाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला राग आला. सर्वांच्या लाडक्या तुम्ही कधीच नव्हतात. निम्मी सोसायटी तुम्हाला लिफ्टमध्ये बघून जिन्याकडे वळायची आणि उरलेली निम्मी जिन्यात बघून लिफ्टकडे. मी स्वतः कितीदा वळलोय. तुम्ही माझ्या बायकोकडे, अलकाकडे, चहाला यायचात तेव्हा मी आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग करायचो. कारण कप खाली ठेवला की तुम्ही हटकून विचारणार, "अध्यक्षसाहेब घरी आहेत का? हॉलचं काय झालं?"

दोन वर्षं तुम्ही मला हा एकच प्रश्न विचारलात. आता कुणी विचारत नाही, तर मला दुपारी झोप लागत नाही.

सुरुवात पुंडलिकपासून झाली. हायवेच्या बाजूचं आपलं गेट, त्याला लागून पत्र्याची केबिन आणि तिच्यात दिवसपाळीचा वॉचमन पुंडलिक, वाशिमकडचा. एप्रिलची दुपार होती. मी बँकेचं काम उरकून परत आलो तर तुम्ही केबिनच्या दारात गुडघ्यांवर बसलेल्या, पदर कमरेला खोचलेला, आणि पुंडलिक जमिनीवर आडवा. तोवर आपली ओळख नमस्कारापुरती. आमच्याच बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, नागपूरहून निवृत्त होऊन मुलीकडे आल्या आहेत, एवढंच मला माहीत.

"बघून काय राहिले? पाय धरा त्याचे," तुम्ही म्हणालात.

"कुठे न्यायचं?"

"थंड जागी. तुमच्या सोसायटीत थंड जागा कुठे आहे?"

एकच होती. क्लब हाउसचा हॉल. एखादा साखरपुडा, एखादा वाढदिवस आणि महिन्यातून एकदा आमच्या समितीची बैठक सोडली तर तो बाराही महिने कुलपात. किल्ली माझ्याकडे. आपण पुंडलिकला तिथल्या फरशीवर निजवलं, एसी लावला. तुम्ही त्याचा शर्ट काढून ओल्या टॉवेलनं मान, काखा पुसत राहिलात, पुसता पुसता त्याच्याशी बोलत राहिलात, बायको कुठली, गावात पाऊस कसा झाला. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होतात, हे मला त्या दिवशी तुमच्या हातांवरून कळलं. तासाभरानं तो उठून बसला आणि पहिलं काय म्हणाला? "साहेब, गेटवर कोनी नाई. मले काई झालं नाई जी, जरासे डोये फिरले."

मग तुम्ही मला बाहेर बोलावलंत. हॉलच्या एसीचा बाहेरचा डबा केबिनच्या बरोबर पाठीमागे होता. त्यातून निघणारा गरम झोत थेट पत्र्यावर आदळत होता. तुम्ही माझा हात धरून मला त्या झोतासमोर नेलंत.

"म्हणजे आत तुम्ही गार होता तेव्हा हा इथे शिजतो."

मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होतो. तो डबा तिथे बसवायला मीच जागा दाखवली होती. भिंतीला तीच बाजू रिकामी होती.

"उद्यापासून हॉल दुपारी बारा ते चार उघडा ठेवायचा. सगळ्यांसाठी," तुम्ही म्हणालात.

"सगळ्यांसाठी म्हणजे?"

"सगळ्यांसाठी म्हणजे सगळ्यांसाठी. पुण्याची मराठी एवढी शुद्ध म्हणतात, तिच्यात याचा दुसरा काही अर्थ होतो का?"

त्यावर मी म्हणालो, "तुम्ही लेखी अर्ज द्या."

मंदाताई, मी आयुष्यात बऱ्याचदा मूर्खासारखं बोललो असेन, पण या चार शब्दांइतकं महागात काहीच पडलं नाही. तुम्ही संध्याकाळच्या आत अर्ज दिलात. सुवाच्य अक्षर, एकच पान. गेटवरचे वॉचमन, झाडलोट करणाऱ्या बायका, घरकामाला येणाऱ्या, पार्सल घेऊन फिरणारी मुलं, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली कमल आणि 'वरच्या मजल्यावरील ज्यांची घरे तापतात असे आपलेच वृद्ध सभासद' यांना भर उन्हाच्या चार तासांत बसायला, पाणी प्यायला थंड जागा मिळावी. शेवटी एक वाक्य होतं: 'यात कुणाचेही काही कमी होणार नाही.'

समितीत काय झालं ते मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. आज सांगतो. एक म्हणाले, उद्या मागची अख्खी वस्ती येऊन बसेल. दुसरे म्हणाले, स्वच्छतागृह कोणतं वापरणार? तिसऱ्यांनी विचारलं, पुण्यात ऊन असतं कुठे, नागपूरच्या बाईंना सवय आहे म्हणून त्यांना सगळीकडे ऊन दिसतं. सगळे हसले. मीही हसलो. मग मी 'विषय पुढील बैठकीत घ्यावा' असं लिहिलं. पुढच्या बैठकीत पार्किंगचा वाद निघाला. त्याच्या पुढच्या बैठकीपर्यंत पाऊस सुरू झाला होता.

ते नागपूरचं वाक्य मात्र गाळून-बिळून मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही जराही चिडला नाहीत. "बरोबरच आहे," म्हणालात. "नागपूरला माणूस उन्हाला भितो, म्हणून जगतो. डोक्याला दुपट्टा बांधतो, दुपारी घरात बसतो, दारात माठ ठेवतो. तुम्ही पुणेकर उन्हाला ओळखच देत नाही. आणि तुमचं ते दुपारचं दार लावून झोपणं. सगळं गाव झोपतं, पण जो रस्त्यावर आहे त्यानं कुठे जायचं?"

त्या हिवाळ्यात तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलं असतंत तर बरं झालं असतं. पण तुम्ही उलट मला कामाला लावलंत. मार्च संपता संपता एक दिवस वही घेऊन आलात. "चला भाऊ, मंडईपर्यंत जाऊ. भर दुपारी. रस्त्यात कुठे कुठे माणसाला फुकट, सावलीत, दहा मिनिटं बसता येतं ते लिहून काढू. अट एकच. 'काय काम आहे?' असं कुणी विचारता कामा नये."

मला वाटलं होतं, गंमत आहे. बसनं गेलो, मध्ये मध्ये उतरलो, चाललो. बाग दुपारची बंद. देऊळ दुपारचं बंद. शाळा सकाळची, सुटलेली, म्हणून तिच्या एवढ्या थोरल्या व्हरांड्याला साखळी. एका एटीएममध्ये शिरलो तर रखवालदारानं विचारलं, "पैसे काढायचेत?" तुम्ही म्हणालात, "नाही, श्वास घ्यायचाय." त्यानं आपल्याला बाहेर काढलं. आणि त्याचं तरी काय चुकलं? तोही दिवसभर बाहेरच उभा होता. एका दुकानाच्या पायरीवर टेकलो तर आतून माणूस आला, पायरीवर पाणी ओतून गेला. आपण उठेपर्यंत थांबलादेखील नाही. तुमच्या वहीचं पान कोरं. माझा शर्ट पाठीला चिकटलेला. मी तुमच्यावर चिडलो होतो, शहरावर नव्हे, तुमच्यावर. कशाला मला हे दाखवताय म्हणून.

मंडईत शिरल्यावर मात्र अंगावरून कुणी ओला हात फिरवावा तसं झालं. ते उंच छप्पर, जाड दगडी भिंती, चारी बाजूंनी वारा. कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत एक म्हातारी बाई बसली होती. तिनं आपल्याकडे एकदा बघितलं, टोपली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "बसा की. उभ्या का?" काय काम आहे, विचारलं नाही. काही घेणार का, तेही नाही. तुम्ही खाली बसलात, वही उघडलीत आणि पहिली ओळ लिहिलीत: 'मंडई. एक म्हातारी.' परतताना बसमध्ये तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मला चिडण्यातून सवडच नव्हती.

मग तुम्ही मला न विचारता जे करायचं ते केलंत. बी विंगच्या खालचं तुमचं पार्किंग रिकामं होतं, कारण तुमच्याकडे गाडी नव्हती. नागपूरहून ट्रकमधून तुमचा जुना लोखंडी कूलर आला. त्याला तुम्ही वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्यात. दोन चटया, एक बाक, दोन माठ, साखर-मिठाच्या पाण्याचं पातेलं आणि तुमच्या गॅलरीतून खाली सोडलेली वायर. पार्किंगची जागा फक्त वाहनासाठी वापरावी असा नियम आहे, हे सांगायला मी खाली आलो तर कोपऱ्यात एक बिनचाकाची स्कूटर उभी.

"वाहन आहे," तुम्ही म्हणालात.

"चाकं कुठायत?"

"नियमात चाकं लिहिलीत का?"

मी नियमावली बघितली. लिहिलेली नव्हती.

त्या उन्हाळ्यासारखे दोन महिने मला निवृत्तीनंतर मिळाले नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून मीही खाली. पार्किंग तीन बाजूंनी मोकळं, गार हवा टिकेना, म्हणून पश्चिमेला मी हिरवी जाळी बांधली. केबिनच्या पत्र्यावर आपण दोघांनी चुना फासला. पुंडलिक शिडी धरून होता आणि तुम्ही खालून ओरडत होतात, "डावीकडे राहिलं, भाऊ, कालवे असेच बांधले का?" बाराला पुंडलिक डबा घेऊन यायचा. झाडणाऱ्या बायका पाय पसरून बसायच्या. कमल इस्त्रीचा कोळसा विझवून यायची, चेहरा लाल झालेला, आणि आल्या आल्या कूलरसमोर दोन्ही हात पसरून उभी राहायची. पार्सलवाली मुलं हेल्मेट काढून पाच मिनिटं टेकायची, मोबाइल वाजला की पळायची. सातव्या मजल्यावरचे कुलकर्णी आजोबा तर रोज उशी घेऊन यायचे. सभासद म्हणून त्यांचा हक्क आहे असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि मग बाकीच्यांबरोबर घोरायचे. साऱ्या पार्किंगला वाळ्याचा वास.

आपली भांडणं तिथेच व्हायची. मी म्हणायचो, असे एकेक कूलर लावून शहर गार होत नाही, झाडं लावायला हवीत, धोरण हवं. तुम्ही म्हणायचात, "लावा ना झाडं. झाड मोठं होईपर्यंत कमल कुठे बसणार, ते सांगा." मी म्हणायचो, आज तुम्ही आहात म्हणून चाललंय, व्यवस्था अशी एका माणसावर उभी नसावी. तुम्ही म्हणायचात, "मग दुसरा माणूस तुम्ही व्हा." हे भांडण अर्धंच राहिलं, मंदाताई. शेवटचं वाक्य तुमचं होतं.

आणि ती पेल्यांची गोष्ट. ए विंगमधल्या एक बाई खाली आल्या, छान हसून म्हणाल्या, "मंदाताई, उपक्रम स्तुत्य आहे हं. फक्त या लोकांचे पेले वेगळे ठेवता ना? नाही, इन्फेक्शनच्या दृष्टीनं."

तुम्ही पेला विसळत होतात. तो नीट विसळून पुसलात. मग म्हणालात, "माझ्या आजोबांनी धम्म घेतला तो याच पेल्यापायी. तेव्हा इन्फेक्शन शब्द निघाला नव्हता, एवढाच फरक." आणि तोच पेला भरून तुम्ही त्यांच्यापुढे धरलात. "घ्या. ऊन फार आहे." त्या निघून गेल्या. मी तिथेच बाकावर बसलो होतो. मी एक शब्द बोललो नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंदेखील नाहीत, हे मला जास्त लागलं. म्हणजे तुम्ही अपेक्षाच केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तक्रार आली. पेल्यांची नव्हे, वायरची. तिसऱ्या मजल्यावरून लोंबकळणारी वायर, आगीचा धोका, वाहनतळाचा गैरवापर. समितीनं नोटीस काढायचं ठरवलं आणि ती बोर्डावर लागली. खाली माझी सही.

वायर धोक्याची होतीच, ते खरं आहे. पण ती भिंतीतून नळी टाकून नीट न्यायला मला एक दुपार लागली असती. एक दुपार! आयुष्यभर कालवे काढणाऱ्या माणसाला. ते मला सही करताना माहीत होतं. तरी मी सही केली, कारण त्या खोलीत सहा जण माझ्याकडे बघत होते आणि तुम्ही तिथे नव्हतात.

तुम्ही नोटीस माझ्यासमोर मोठ्यानं वाचलीत. "'सदर' तीनदा आलंय," म्हणालात. "आणि 'गैरवापर' नाही, वापर." मग पुंडलिकला बोलावून कूलर कोपऱ्यात सरकवलात, त्यावर चादर घातलीत. मी म्हणालो, काढू नका, मी बघतो काहीतरी. "तुमच्या सहीनं बंद झालाय, तुमच्याच सहीनं सुरू होईल," तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो.

यंदा फेब्रुवारीपासूनच तापलं. मी विषय सर्वसाधारण सभेत घेतला, अगदी पहिल्या क्रमांकावर. गणसंख्या भरली नाही. नियमाप्रमाणे अर्ध्या तासानं तीच सभा परत सुरू करता येते आणि मग जितके असतील तितक्यांत ठराव होतो. तुम्ही, मी, अलका, कुलकर्णी आजोबा आणि आणखी दोघं होतो. सहाच्या सहा बाजूनं. हात वर केले असते तर झालं असतं. मी म्हणालो, "इतका महत्त्वाचा विषय सहा जणांत कसा घ्यायचा? पुढच्या वेळी नीट घेऊ."

तुम्ही खुर्ची उचलून भिंतीला लावलीत. "काय बोलून राहिले भाऊ तुम्ही," एवढंच म्हणालात आणि गेलात. चिडलात की तुमचं नागपूर बाहेर यायचं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पिशवी घेऊन फिरायला लागलात. लोक तुमच्याकडे येऊ शकत नाहीत तर तुम्ही त्यांच्याकडे. पाण्याच्या बाटल्या, ओले पंचे, साखर-मीठ. आधी केबिन, मग कमलची टपरी, मग पलीकडच्या बांधकामावरची माणसं. बारा ते चार. अलकानं किती सांगितलं. मी गॅलरीतून बघायचो आणि आत जायचो. त्या मंगळवारी तुम्ही दोनच्या सुमारास परतलात. वीज गेली होती, लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर आमच्या दाराशी क्षणभर थांबलात. अलका म्हणाली, "बसा हो जरा." तुम्ही म्हणालात, "नंतर येते." एक मजला राहिला होता, तो चढून झाला नाही.

प्रज्ञाला, तुमच्या मुलीला, हिंजवडीहून पोचायला दोन तास लागले. एरवीचंच ट्रॅफिक. तोवर दवाखान्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दाखल्यावर हृदयविकार लिहिलंय. मी डॉक्टरांना विचारलं, उन्हामुळे का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, हृदय आधीचंच कमजोर होतं. प्रज्ञा म्हणाली, "काका, आईला दोन वर्षं गोळ्या चालू होत्या. तुम्हाला बोलली नाही?" नाही बोललात. तुम्ही नर्स! आपल्या साऱ्या वारज्याला सांगत फिरायचात, बारा ते चार बाहेर पडू नका, पाणी प्या, हृदयाचं दुखणं असेल तर जास्त जपा. आणि स्वतः? मला तुमचा संताप येतो. अजून येतोय. तुम्हीच मला एकदा पार्किंगमध्ये सांगितलं होतं की नागपूरला तुमच्या वॉर्डात मे महिन्यात माणसं यायची, जायची, आणि कागदावर कुणाचं हृदय थांबलेलं असायचं, कुणाची किडनी. "ऊन लिहायला रकानाच नसतो, भाऊ. म्हणून ऊन कधी पकडलं जात नाही." आता तुमच्याही कागदावर हृदयच आहे. मला कुणी दोषी ठरवत नाही. प्रज्ञा तर नाहीच. ती माझा हात धरून रडली. आणि कुणी दोषी ठरवत नाही म्हणून मी सुटतही नाही.

रविवारी हॉलमध्ये शोकसभा झाली. एसी लावला होता. बाहेर केबिनमागे तो डबा घरघरत होता, कारण तोही मी अजून हलवलेला नाही. पुंडलिक दाराबाहेर उभा. आत सगळे एकेक करून बोलले. समाजसेवेचा वसा वगैरे. पेलेवाल्या बाई रडल्या, आणि खोटं रडत होत्या असंही मला वाटलं नाही. मग सूचना आली की या हॉलला तुमचं नाव द्यावं. टाळ्या पडल्या. गणसंख्या भरपूर होती.

मी उठलो. माझा आवाज चढला, हे मला अलकानं नंतर सांगितलं. मी म्हणालो, "नाव देऊ नका. दार उघडा. बाईंनी दोन वर्षं नाव मागितलं नव्हतं, चार तास मागितले होते." कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष, ही वेळ नाही. मी म्हणालो, "वेळ मीच घालवली. उद्या बारा वाजता मी हा हॉल उघडतोय. ठराव नाही, अर्ज नाही. कुणाला नोटीस काढायची असेल तर माझ्या नावानं काढा. सही कुणी करायची ते ठरवा." आणि मी बाहेर येऊन पुंडलिकला आत बसवलं. तो पाच मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसला आणि गेट राहिलं म्हणून पळाला.

तुम्हाला वाटेल, आता सगळं छान झालं. नाही झालं. सोमवारी मी बाराला दार उघडलं, माठ भरला, 'सर्वांसाठी खुले' असा कागद लावला. चार वाजेपर्यंत कुणीही आलं नाही. माझ्या एकट्यासाठी एसी चालू होता. मंगळवारी तेच. पुंडलिकला विचारलं तर म्हणाला, "साहेब, राग नका मानू जी. तुमी उघडता, मंग तुमीच बंद करता. मंग बोलणी आमाले." गरीब माणूस माझ्या सहीला किती ओळखतो बघा. बुधवारी कुलकर्णी आजोबा उशी घेऊन आले. त्यांनी तुमची चौकशी केली. त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पण ते विसरतात. मी परत सांगितलं. त्यांनी उशी मांडीवर घेतली आणि तिचा अभ्रा नीट केला.

दरम्यान अकरा सभासदांच्या सह्यांचं पत्र आलंय. येत्या रविवारी विशेष सभा, विषय एकच, अध्यक्षांवर अविश्वास. मी मोजलं, बहुधा हरेन. दुसरा कुणी येईल, किल्ली मागेल. मी देणार नाही म्हणतोय, पण मी काय म्हणतो आणि काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून किल्लीच्या दोन प्रती करून घेतल्या. एक अलकाकडे, एक प्रज्ञाकडे. प्रज्ञानं ती घेताना विचारलं, "काका, आई असती तर काय म्हणाली असती?" मी म्हणालो, एवढा उशीर का, असं म्हणाली असती. ती हसली नाही.

माफी मागायला हे लिहायला बसलो होतो. दोनदा लिहून खोडली. ती मागून मला बरं वाटलं असतं, तुमचं काय झालं असतं? तर त्याऐवजी कालचं सांगतो.

काल गुरुवारी कमल आली. दारातच उभी राहिली, चेहरा कोळशानं आणि उन्हानं लाल. आत बघितलं. मी, आजोबा आणि बी विंगच्या झाडणाऱ्या दोघी होतो. त्या कशा आल्या ते मी विचारलं नाही. कमल चप्पल बाहेर काढून आत आली, खुर्ची सोडून फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावली. मी पेला भरून दिला. तिनं तो सबंध प्यायला, दुसरा मागितला. मग डोळे मिटले. अर्धा तास गेला असेल. मला वाटलं, झोपली. तर तिनं पदर खांद्यांवरून ओढून घेतला, पाय पोटाशी घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"साहेब, जरा कमी करा की वो. थंडी वाजतीया."

मी रिमोट शोधायला म्हणून भिंतीकडे वळलो. रिमोट माझ्या हातातच होता.

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, आपल्या सोसायटीत कमलला थंडी वाजली, मंदाताई. हे मला तिसऱ्या मजल्यावर पळत येऊन तुम्हाला सांगायचं होतं.